एकडाव मोजलं तं झालं ना, मॅडम?

मुलांना तीच गोष्ट तीनदा का मोजायला लावता, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. यवतमाळजवळच्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. दर पालक सभेत कुणी ना कुणी उठून विचारतंच, "मॅडम, एकडाव मोजलं तं झालं ना. पोट्ट्यायले तीन-तीन डाव कायले मोजाले लावता?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. काट्यावर कापूस एकदाच चढतो, डेअरीत दूध एकदाच मापतात, मग वर्गात तीच सुतळी तीनदा कशाला? सभेत वेळ नसतो, उत्तर अर्धंच राहतं. आज पुरं सांगते.

दोन वर्षांपूर्वी आठवीला उत्कलनबिंदू शिकवत होते. पोषण आहाराच्या खोलीत गॅसवर पातेलं ठेवलं, विज्ञान पेटीतली तापमापी दोऱ्याने टांगली आणि पाच गटांनी पाळीपाळीने आकडा वहीत लिहायचा असं ठरलं. संध्याकाळी वह्या तपासायला घेतल्या तर पाचही वह्यांत 100. त्यातल्या एका वहीत मात्र कागद खोडून खोडून झिजला होता. वही उजेडाकडे धरली तर 100 च्या खाली 98 दिसत होतं. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला जवळ बोलावून विचारलं. म्हणाली, "पुस्तकात 100 आहे मॅडम, माह्यंच चुकलं असन."

मला फार लागलं ते. तिने बरोबर पाहिलं होतं आणि पुस्तकाच्या धाकाने स्वतःच पुसून टाकलं होतं. बाकीच्यांनी तर पाहिलेलं लिहिलंच नव्हतं.

मग तो धडा तिथेच थांबवला आणि पुढचे चार दिवस आम्ही फक्त पाणी उकळलं. आकडा 98 आणि 99 च्या मध्येच येत होता. का येतो, ते मुलांनाच विचारलं. एक म्हणाला, तापमापी बिघडली. दुसरी म्हणाली, पाणी थोडं आहे, जास्त घेतलं तर 100 होईल. तिसऱ्याला वाटलं, आच कमी पडते. चारही शंका फळ्यावर लिहिल्या; चौथी, तापमापीचा फुगा तळाला टेकतो का, ही माझी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं, एवढी एकच अट घातली. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कुणालाच सांगता येत नाही.

पानठेल्यावरून बर्फ आणला, फोडून भांड्यात घातला, तो वितळत असताना तापमापी त्यात बुडवली. शून्य. वरच्या टोकाला गडबड असू शकते, म्हणून दुसऱ्या शाळेतून आणखी एक तापमापी मागून आणली. तिनेही तेच दाखवलं. पाणी दुप्पट केलं. उकळायला वेळ जास्त लागला, पण आकडा हलला नाही. आच वाढवली, पाणी नुसतं उसळत राहिलं, आकडा तोच. फुगा तळापासून वर ओढला, तरी तोच. पाणी किती आहे आणि जाळ किती आहे याने उत्कलनबिंदू बदलत नाही, तो पाण्याचा गुणधर्म आहे, हे वाक्य पुस्तकात आहेच. पण मुलांनी ते पातेल्यात पाहिलं.

मग फरक कशाचा? पुस्तकातला 100 हा समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाचा आकडा आहे. यवतमाळ समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटर उंच. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी थोडं आधीच उकळतं. सुमारे 300 मीटरला एक अंश, असा ढोबळ हिशेब. म्हणजे आपल्याकडे साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास. पुस्तक चुकलं नव्हतं आणि ती मुलगीही चुकली नव्हती.

हिवाळ्यात सहल चिखलदऱ्याला जायची होती. चिखलदरा साधारण 1,100 मीटरवर. निघण्याआधी मुलांनी हिशेब करून वहीत पेनाने लिहिलं, तिथे सव्वाशहाण्णवच्या आसपास यायला हवं. तापमापी कापसात गुंडाळून बरोबर नेली. मुक्कामाच्या ठिकाणी चहाच्या आधणात धरायचं मी नाकारलं, साधं पाणी ठेवायला लावलं. 96 च्या थोडं वर. त्या थंडीत पातेल्याभोवती झालेला आरडाओरडा मला अजून ऐकू येतो. आधी सांगायचं आणि मग जाऊन पाहायचं, यातला आनंद ज्या मुलाला एकदा कळला, त्याला विज्ञान पाठ करायला लावावं लागत नाही.

तेव्हापासून माझ्या वर्गात विज्ञानाच्या वहीला खोडरबर बंद. आकडा चुकला वाटला तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे.

तीनदा मोजण्याचं कारणही इथेच आहे. पहिल्यांदा मोजताना माणूस बरेचदा त्याला हवं ते पाहतो. शाळेच्या मोकळ्या अंगणात आम्ही बाटली कापून पर्जन्यमापक केला आहे. तळाचा खडबडीत भाग गोट्यांनी आणि पाण्याने शून्याच्या खुणेपर्यंत भरलेला, बाजूला पट्टी चिकटवलेली. सकाळी साडेआठला आकडा घ्यायचा. एकजण उभ्यानेच वाकून पाहतो आणि 43 सांगतो, दुसरी गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या रेषेत आणते आणि 40 सांगते. तीन मिलिमीटरने काय होतं, असं म्हणू नका. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे 4,047 लिटर पाणी. आणि महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की त्याला अतिवृष्टी म्हणतात, 62 झाला तर नाही. आमच्या बाटलीचा आकडा सरकारदरबारी धरला जात नाही, हेही मुलांना सांगते. पण तो आकडा कसा घेतात हे गावातल्या पोरांना ठाऊक असायलाच हवं.

गेल्या एप्रिलमध्ये हाच प्रश्न विचारणारे एक पालक घरचं सोयाबीन घेऊन आले. पेरायच्या आधी उगवण तपासायची असते, निदान 70 टक्के तरी हवी. त्यांनी घरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहिले होते, 78 उगवले. "पास हाय मॅडम, आता काय मोजाचं?"

मी विचारलं, "भाऊ, शंभर दाणे घेतले कसे?"

"चांगले-चांगले पाहून घेतले ना."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांच्याच पोत्यातून, वरून, मधून आणि तळातून, न निवडता मुठी काढल्या. शंभर-शंभराच्या तीन वळकट्या केल्या, सावलीत ठेवल्या, रोज पाणी शिंपडलं. सहाव्या दिवशी उघडल्या. 66, 71, 64. सरासरी 67. एकच वळकटी केली असती आणि ती मधलीच असती, तर पोतं पास झालं असतं.

ते भाऊ बराच वेळ गप्प बसून होते. मग म्हणाले, "अजून एक करून पाहू." यावेळी दाणे त्यांनी स्वतः काढले, मान दुसरीकडे वळवून. सहा दिवसांनी वळकटीही त्यांनीच सोडली आणि त्यांची मुलगी मोजत बसली. एका दाण्याला मोड आला होता, पण मूळ वाकडं, अर्धवट सडलेलं.

"ह्याले धराचं का?"

मुलीने फळ्याकडे बोट दाखवलं. मोजायला सुरुवात करण्याआधीच तिथे लिहून ठेवलं होतं, मूळ आणि कोंब दोन्ही धड असतील तोच दाणा धरायचा. त्यांनी ते वाचलं आणि दाणा बाजूला ठेवला.