बिरड्याचा रोजा आणि त्याच्या आधीचे तीन आठवडे

कोकणातल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू घरांत तिशा बआवच्या उपासाला ‘बिरड्याचा रोजा’ म्हणायचे. यरुशलेमचं पहिलं मंदिर इ.स.पू. 586 मध्ये बाबिलोनी सैन्याने पाडलं, दुसरं इ.स. 70 मध्ये रोमनांनी जाळलं. दोन्हींचा शोक आव या ज्यू महिन्याच्या नवव्या दिवशी, एकाच उपासात. नाव मात्र पडलं वालाच्या बिरड्यावरून, कारण या रोजाच्या जेवणात ते ठरलेलं. शोकाच्या पानात कडधान्य वाढण्याची कल्पना तशी फार जुनी आहे. तालमुद हा ज्यू धर्मचर्चेचा जुना ग्रंथ म्हणतो, मसुरीला तोंड नसतं, तसं शोक करणाऱ्यालाही नसतं. आणि ती गोल असते, कारण दुःखही फिरत फिरत प्रत्येकाच्या दारी येतं. वालाला चांगलं ठसठशीत तोंड असतं, तेव्हा दोन्हींचा बादरायण संबंध जोडू नये.

हा रोजा एकटा येत नाही. तीन आठवडे आधी, तम्मुझ महिन्याच्या 17 तारखेला, यरुशलेमच्या तटाला खिंडार पडल्याचा उपास असतो, पहाटेपासून चांदण्या दिसेपर्यंतचा. तिथून नवव्या आवपर्यंतच्या काळाला ‘बेन हामेत्सारीम’ म्हणतात, म्हणजे कोंडीत सापडलेले दिवस. अश्केनाझी, म्हणजे मूळ मध्य आणि पूर्व युरोपातले ज्यू, पहिल्याच दिवसापासून लग्न, केस कापणं आणि वाद्यसंगीत बंद करतात. सफार्दी, म्हणजे मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या परंपरेत केस कापण्याची आणि कपडे धुण्याची बंदी साधारणपणे रोजा ज्या आठवड्यात येतो तेवढ्यापुरती असते. आव लागला की मांस आणि द्राक्षाची दारू थांबते, कुठे पहिल्या तारखेपासून, कुठे दुसऱ्या. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी, मात्र दोन्ही चालतात, कारण शब्बाथच्या दिवशी उघड शोक करायचा नसतो. नववा आव शब्बाथलाच आला तर उपास रविवारवर ढकलतात. कुणी कुठली पद्धत पाळायची ते घराण्यावर आणि सिनेगॉगवर ठरतं. शेजाऱ्याची कडक पद्धत पाहून आपली बदलायची गरज नसते.

या पायऱ्यांचा क्रम नीट पाहिला की हे सगळं कशासाठी आहे ते कळतं. घरात कुणी गेलं तर ज्यू शोक तीव्रतेकडून सौम्यतेकडे जातो: आधी शिव्हाचे सात दिवस जमिनीलगत बसणं, मग तीस दिवस, आई-वडिलांसाठी बारा महिने. तीन आठवड्यांत हाच क्रम उलटा फिरवला आहे. सुरुवात वर्षभराच्या सौम्य शोकासारखी, मग आवचे पहिले नऊ दिवस तीस दिवसांसारखे, आणि शेवटी एक दिवस थेट शिव्हासारखा. ताजं दुःख आपोआप पेटलेलं असतं, ते हळूहळू शमवावं लागतं. दोन हजार वर्षांपूर्वीचं दुःख थंड राख असतं, त्यात फुंकर मारत मारत निखारा शोधावा लागतो. ज्यांना ‘एकदम रोज्याच्या दिवशी काही वाटतच नाही’ अशी तक्रार असते, त्यांनी बहुतेक वेळा मधल्या पायऱ्या गाळलेल्या असतात.

आता प्रत्यक्ष उपास. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत सुमारे 25 तास, पाणीसुद्धा नाही. सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासात तांब्यावर तांब्या पाणी पिणं. ते शरीरात टिकत नाही. आदल्या दिवशी सकाळपासून थोडं थोडं प्यावं, खारट आणि तळलेलं टाळावं. चहा-कॉफीची सवय असेल तर तीन दिवस आधीपासून कप कमी करत यावं, नाहीतर दुपारी डोकं धरून बसाल आणि त्याला शोक समजाल. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या मोठ्या उपासाला, जिवाला धोका असेल तरच सूट असते. या उपासात साध्या आजारी माणसालाही सूट आहे, आणि ती न घेण्यात मोठेपणा नाही.

सूर्यास्ताआधीच्या शेवटच्या जेवणात शिजवलेला पदार्थ एकच असतो. बहुतेकांकडे उकडलेलं अंडं आणि राख लावलेला पावाचा तुकडा, जमिनीवर बसून. तीन पुरुषांनी एकत्र जेवायचं नाही, कारण मग सामुदायिक आभारप्रार्थना म्हणावी लागते. एरवी सगळे एका टेबलाशी जेवणारे त्या संध्याकाळी एकाच खोलीत वेगवेगळे बसतात. पोटभर जेवायचं असेल तर ते दुपारीच उरकतात.

रोज्याच्या दिवशी आंघोळ, तेल, अत्तर, पतिपत्नीसंबंध आणि चामड्याची पादत्राणं वर्ज्य. सकाळी हात फक्त बोटांच्या मुळापर्यंत धुवायचे. पादत्राणांत फसगत होते: वरून कापडी दिसणाऱ्या जोड्याचा तळ चामड्याचा निघतो, तेव्हा आदल्या दिवशी उलटा करून पाहावा. एकमेकांना ‘शालोम’ असा नमस्कारही म्हणायचा नाही. नवख्याने म्हटलंच तर हळू आवाजात उत्तर द्यावं, त्याला ओशाळवाणं करू नये. तोराचा, म्हणजे धर्मग्रंथाचा अभ्यासही बंद, कारण त्याने मन आनंदतं; बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक, यिर्मयाच्या पुस्तकातले दुःखाचे भाग आणि एखा, म्हणजे विलापगीत, असं दुःखाचंच वाचन चालतं.

रात्री मंद उजेडात एखा वाचतात. पाच अध्याय. पहिल्या चारांत ओळी हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांच्या क्रमाने जातात. तिसऱ्यात तर प्रत्येक अक्षराला तीन, म्हणून 66. पाचव्यातही ओळी 22 आहेत, पण अक्षरांचा क्रम मोडलेला. रडताना शेवटी शिस्तही सुटते, ते इथे रचनेतच आहे. अखेरची ओळ देवाने आम्हाला टाकलं का, अशी कडू आहे. तिथे थांबत नाहीत. तिच्या आधीची ओळ पुन्हा मोठ्याने म्हणतात: आम्हाला तुझ्याकडे फिरव, आमचे दिवस पूर्वीसारखे नवे कर.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती दुपार. तालमुदप्रमाणे पहिलं मंदिर नवव्या आवला दिवस कलल्यावर पेटवलं गेलं, आणि नेमकी तिथूनच शोकाची पकड सैल होते. जमिनीवरून उठून खुर्चीवर बसायचं, सकाळी न घातलेले तेफिलिन, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि कपाळाला बांधायच्या चामडी डब्या, मिन्हाला, म्हणजे दुपारच्या प्रार्थनेला घालायचे. काही समाजांत बायका दुपारनंतर घर झाडून काढतात, कारण मशीहा, म्हणजे येणारा तारणहार, याच दिवशी जन्मतो अशी परंपरा आहे आणि पाहुणा आला तर घर पारोसं नको. उपास अजून सुटलेला नसतो, घशाला कोरड असते, आणि हातात झाडू असतो.

राहिली आपसातल्या एकोप्याची गोष्ट, आणि तिच्यावर प्रवचनं फार होतात. तालमुद म्हणतो, दुसऱ्या मंदिराच्या काळातले लोक तोरा शिकत होते, दानधर्म करत होते, तरी विनाकारण द्वेषाने ते मंदिर गेलं. कथा अशी की मेजवानीला कामत्साला बोलवायचं होतं, निरोप्याने नावाच्या घोळात शत्रू बार कामत्साला आणलं. यजमानाने त्याला उठवलं. त्याने आधी स्वतःच्या ताटाचे, मग अर्ध्या मेजवानीचे, मग सगळ्या मेजवानीचे पैसे देऊ केले, तरी हाताला धरून बाहेर काढलं. बार कामत्साला खुपलं ते पुढचं: विद्वान तिथे बसले होते आणि गप्प राहिले. एकोप्यावर बोलताना लोक यजमानाकडे बोट दाखवतात. बसलेल्यांकडे कुणी पाहत नाही, कारण बहुतेक वेळा आपण तिथेच असतो. आव लागल्यावर करायचंच असेल तर ज्याच्याशी बोलणं बंद पडलंय अशा एकाला फोन लावावा, आणि रोज्याच्या सूर्यास्ताआधी. नंतर ख्यालीखुशाली विचारायची सोय नाही.

पुढच्या शब्बाथला यशया संदेष्ट्याचा ‘सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा’ हा भाग वाचतात, आणि तिथून सांत्वनाचे सात आठवडे सुरू होतात, शोकाच्या तिनांपेक्षा दुपटीहून जास्त. त्याही आधी किंवा लगेच, रोज्यानंतर सहा दिवसांनी, 15 आव. मिश्ना, म्हणजे तालमुदचा जुना गाभा, सांगते, त्या दिवशी यरुशलेमच्या मुली पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यांत नाचायच्या, आणि प्रत्येकीचा पोशाख उसना असायचा. तालमुद पुढे सांगतो, राजाची मुलगी प्रमुख याजकाच्या मुलीकडून घ्यायची, ती उपप्रमुखाच्या मुलीकडून, असं खालपर्यंत. जिच्याकडे स्वतःचा नव्हता ती त्या गर्दीत ओळखू येत नसे.