कांद्याचे गोंडे आणि सातेरी : या हंगामातील प्रगतीची नोंद

राजगुरुनगर परिसरात हौसेने सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाशीच्या, पेट्या सांभाळणाऱ्या आम्ही मंडळींनी यंदा पेट्यांइतकाच वेळ शेजारच्या शेतकऱ्यांशी बोलण्यात घालवला. सातेरीची कामकरी माशी बहुधा किलोमीटरभराच्या आतच चारा शोधते. एवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्र सुमारे 314 हेक्टर भरते, त्यामुळे परसातील फुलझाडे कितीही निगुतीने वाढवली तरी वसाहत जगेल की नाही, हे इतरांच्या शिवारात ठरते.

आमच्याकडे थंडी सरताना कांद्याच्या बीजोत्पादनाचे प्लॉट फुलू लागतात. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पराग सोडतात आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर पक्व होतो. त्यामुळे बी भरण्यासाठी गोंड्यांवर, म्हणजे फुलांच्या गोल झुबक्यांवर, कीटकांची सतत ये-जा लागते. ही गरज शेतकऱ्यांना पुरती ठाऊक आहे, परंतु फुलकिड्यांची (पिकाचा रस शोषणाऱ्या बारीक किड्यांची) भीतीही तितकीच खरी आहे. म्हणून ‘फवारू नका’ असे न म्हणता आम्ही वेळापत्रकावर बोललो. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उमलण्यापूर्वी उरकावा, फुलोऱ्यात फवारणी अटळच झाली तर ती माश्या परतल्यावर संध्याकाळी करावी आणि आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर निरोप द्यावा, एवढे ठरले.

निरोप मिळाला म्हणजे पेटी दिवसभर बंद ठेवावी, असा सल्ला काही जण देतात. फेब्रुवारीअखेरच्या उन्हात तो मला धोक्याचा वाटतो, कारण कोंडलेली वसाहत उष्णतेनेच दगावू शकते.

संध्याकाळच्या फवारणीने सगळाच प्रश्न सुटत नाही. इमिडाक्लोप्रिड व थायमेथॉक्झाम ही आंतरप्रवाही औषधे झाडात भिनून मकरंदात आणि परागातही उतरतात, तेव्हा वेळ बदलून माशी वाचेलच असे नाही. युरोपीय संघाने 2018 मध्ये या दोहोंच्या खुल्या शेतातील वापरावर बंदी घातली, ती मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळेच. आपल्याकडे कोणते औषध न्यावे हे बऱ्याचदा कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर ठरते, म्हणून दुकानदारांना बैठकीस बोलावणे हे यंदाचे सर्वांत उपयोगी काम झाले, असे माझे मत आहे. फुलोऱ्यातील प्लॉटसाठी औषध मागितल्यास आधी पर्याय सुचवण्याचे त्यांनी मान्य केले आहे. शाळेतील मुले पेटीसमोर अंथरलेल्या पांढऱ्या कापडावरील मेलेल्या माश्या सकाळी मोजतात. त्या वहीमुळे कोणत्या फवारणीनंतर मर वाढली यावर तर्कवितर्क करावे लागत नाहीत.

मध देणाऱ्या माशीपलीकडे आपल्या छंदाची नजर सहसा जात नाही, ही उणीवही या निमित्ताने जाणवली. वांगी व टोमॅटोचे पराग परागकोशातून बाहेर पडण्यासाठी फूल थरथरवावे लागते. ते सातेरीला जमत नाही, भुंग्यांना आणि निळ्या पट्ट्यांच्या एकांड्या माश्यांना जमते. भुंगे वाळक्या लाकडात घर करतात, तर निळ्या पट्ट्यांच्या माश्या मातीत. बांध जाळून साफ करण्याच्या पद्धतीत वाळके लाकूड राखेला जाते, शिवाय फुलणारी निर्गुडी आणि तरवडही. या मुद्द्यावर अजून सर्वांचे एकमत झालेले नाही. सध्या ओढ्यालगतच्या मोजक्या शेतकऱ्यांनी आपापले बांध न जाळण्याचे कबूल केले असून, त्या बांधांवरील घरट्यांची नोंद पावसाळ्यापूर्वी करून घ्यायची आहे.