दुबईची उडी आणि आमचं मिक्सिंग

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. साक्षगंध, लग्न, बारसं, तेरवी, अन् निवडणूक आली की पुढाऱ्यांची भाषणं. मिक्सिंग, म्हणजे शूट केलेलं कापून-जोडून फिल्म करणं, मी स्वतः करतो. गाणं लावलं, फुलं उडवली की व्हिडिओ तयार, असं लोकांना वाटतं. नवरीच्या मावशीचे दोन शॉट कमी पडले की उरलेले पैसे वर्षभर अडकतात, हे त्यांना कोण सांगणार!

पुढची गोष्ट लिहिताना ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदललेत. मुलगी की पुतणी, एकसष्टी की आणखी काही, हेही बदललेलं असू शकतं.

एप्रिलात दुबईहून फोन आला. जवळच्याच खेड्यातली पोरगी, तिकडे नोकरीला. हिवाळ्यात तिनं वडिलांना नेलं होतं आणि विमानातून उडी मारायला लावली होती. आता जूनमध्ये त्यांची एकसष्टी, मंडपात एलईडी वॉलवर पाच मिनिटांची फिल्म दाखवायची. "दादा, कंपनीचा व्हिडिओ सगळ्यांचा सारखाच असते, फक्त चेहरा बदलते. तुम्ही आपल्या पद्धतीनं करा." तिनं वेगळे पैसे भरून कच्च्या फाइली घेतल्या होत्या. सोबत एका इंग्रजी गाण्याची लिंक, नुसता धडधडाट. हेच गाणं पाहिजे म्हणे.

यात दोन कॅमेरे असतात. एक प्रशिक्षकाच्या डाव्या मनगटावर. प्रवासी त्याच्या पोटाशी पट्ट्यांनी बांधलेला असतो, त्यामुळे चेहरा अगदी जवळून येतो. दुसरा वेगळ्या उडी मारणाऱ्याच्या हेल्मेटवर, तो सोबत पडत पडत शूट करतो. साधारण 13,000 फुटांवर दार उघडतं, मिनिटभर नुसतं पडणं, मग पाच-साडेपाच हजार फुटांवर मोठी छत्री उघडते. मधल्या मिनिटात वेग ताशी 200 किलोमीटरच्या आसपास. दोन माणसांचं वजन एकत्र, म्हणून वेग आणखी वाढू नये यासाठी मागं एक लहान छत्री सोडलेली असते. आमच्याकडचे पाहुणे हीच मोठी छत्री समजतील याची मला खात्री होती, आणि तसंच झालं.

खरी मेहनत कुठं लागते ते सांगतो. आकाशात पडणारा माणूस पडताना दिसतच नाही. बाजूला झाड नाही, खांब नाही, त्यामुळे तो नुसता तरंगल्यासारखा वाटतो. वेग दिसतो तो फक्त थरथरणाऱ्या गालांत आणि फडफडणाऱ्या बाह्यांत. लग्नवाल्या एडिटरचा हात लगेच स्लो मोशनकडे जातो. इथं स्लो केलं की गाल चेहऱ्यावरून ओघळल्यासारखे दिसतात, आणि सत्कारमूर्तीचं हसू होतं. शिवाय फुटेज सेकंदाला 60 फ्रेमचं, माझी टाइमलाइन, म्हणजे तयार होणारी फिल्म, 25 ची. हा भागाकार नीट बसत नाही, हालचाल अडखळते. म्हणून स्लो करायचं तर वेग 42 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे प्रत्येक फ्रेम वापरली जाते. मी फक्त दारातून बाहेर पडायचा क्षण तसा घेतला. आणि छत्री उघडतानाचा हेल्मेटवाला शॉट तर सोन्यासारखा. दोघं एकदम वर खेचल्यासारखे दिसतात. वर कोणीच जात नाही, त्यांचा वेग कमी होतो आणि कॅमेरावाला तसाच खाली पडत राहतो. माझ्या पोऱ्याला हे समजवायला एक चहा गेला, तरी पटलं नाही ते नाहीच.

गाण्याचं मी तिला स्पष्ट सांगितलं. मंडपात काहीही वाजव, पण तू हे यूट्यूबवर टाकशील, तिथं मालकाचा दावा येईल. फेसबुक तर आवाजच बंद करेल. माझ्याकडे शेजारच्या गावच्या सप्ताहात मी स्वतः रेकॉर्ड केलेली खंजेरी होती. त्या भजनी मंडळाला विचारलं, ते खूश. शब्द मात्र घ्यायचे नाहीत असं ठरवलं. माणूस दुबईत उडी मारतोय आणि भजन सांगतंय की देह नाशिवंत आहे, हे एकसष्टीला बरं दिसत नाही.

विमान चढताना नुसती एकतारी ठेवली. उडी मारली की दोन सेकंद फक्त वाऱ्याचा भडका, आणि मग खंजेरी. त्या गालांच्या थरथरीवर खंजेरीची लय अशी बसली की मी खुर्चीतून उठलो. पोरीला नमुना पाठवला तर तिनं इंग्रजी गाण्याचा विषयच काढला नाही.

उरला छत्रीखालचा पाच-सहा मिनिटांचा भाग. तिथं वारा कमी होतो आणि बोलणं ऐकू येऊ शकतं. मला काकाजींचं, म्हणजे पोरीच्या वडिलांचं, एखादं वाक्य हवं होतं, "लय मजा आली" छाप. कूलर बंद केला, हेडफोन लावला, खालची घरघर कापली. आणि काकाजी बोलत होते. थांबतच नव्हते. मागचा प्रशिक्षक गोरा, त्याला एक शब्द कळत नव्हता. तो आपला मधून मधून "ओके, ओके" म्हणत होता.

आधी समुद्रात काढलेल्या त्या खजुराच्या झाडाच्या बेटाबद्दल बोलले. "अथी माती टाकली असंन तं कोठून आनली?" मग विहिरीबद्दल. मग एका वावराबद्दल. त्या वावराचं काय, ते इथं लिहीत नाही. पोरीच्या शिक्षणाच्या वेळची गोष्ट, पोरीला वेगळीच सांगितलेली. आवाज अगदी साधा. घरी पारावर बसून कोणाला सांगावं तसा. ज्याला भाषा कळत नाही अशा माणसाला, तीन-चार हजार फुटांवर.

मी ती फाइल परत ऐकली नाही. त्या भागावर भजनाचा नुसता आलाप चढवला, मंडळातले सगळे आवाज एकत्र, खालचा ट्रॅक पूर्ण बंद. आमच्या धंद्यात हे नवीन नाही. लग्नाच्या मांडवात देण्याघेण्याची कुजबुज माइकमध्ये किती येते, आणि किती गाण्याखाली जाते, ते मिक्सिंगवाल्यालाच माहीत. नातेवाइकांना मात्र गाणं मोठं का ठेवलं याचीच तक्रार.

फिल्म पाहून पोरीनं दुसऱ्या दिवशी विचारलं, "दादा, छत्रीखाली बाबांचे ओठ हलत्यात, काय म्हनत होते?" मी म्हटलं, वाऱ्यात कळत नाही. तिच्या मोबाइलच्या स्पीकरवर ते खरंही असेल.

कार्यक्रमाच्या आधी काकाजी स्वतः पेनड्राइव्ह न्यायला आले. इकडचं तिकडचं, पावसाचं, तुरीचं झालं. मग विचारलं, "आवाज येते काय थ्यात?"

"खंजेरी आहे काकाजी. बाकी काही नाही."

"अन् तिच्यापाशी जे हाय, थ्यात?"

"त्यात सगळं आहे. पण आवाज साफ करून ऐकल्याशिवाय कळणार नाही."

त्यांनी पैसे मोजले, पन्नासची नोट परत मागितली नाही. दारात चप्पल घालता घालता म्हणाले, "मले वाटलं, तिनं आयकलं असंन. म्हून इतके दिस काई बोलली नाई म्हतलं."

म्हणजे त्यांना तिनं ऐकावं असं वाटत होतं, की ऐकलं असेल याची भीती होती? चेहऱ्यावरून मला दोन्ही वाटलं. चेहरे वाचायचा माझा धंदा आहे, तरी. पोरीचा नंबर फोनमध्ये आहे. कच्ची फाइल तिच्याचकडे आहे. कोणत्या मिनिटापासून ऐकायचं आणि खालची घरघर कशी कापायची, एवढं दोन ओळींत लिहून होतं. ते लिहावं की नाही हे माझं अजून ठरत नाही, आणि ते ठरवायचं काम माझ्याकडे आलंच कसं, हेही कळत नाही.