पाइप भरलेला होता

बेळगावच्या उद्यमबागेत माझी लेथची शेड आहे. हायड्रॉलिक सिलिंडरचे पार्ट, बुश, पिस्टन रॉड असली कामं चालतात. अधूनमधून कॉलेजची पोरं प्रोजेक्टचे जॉब घेऊन येतात, आणि त्यांचं काम मी आवडीने करतो.

त्या दुपारी दोघं आले, एक खानापूरकडचा, दुसरा शहापूरचा. पिशवीतून वीतभर लांबीचा एम.एस.चा, म्हणजे साध्या पोलादाचा, पाइप काढला. "मामा, या तोंडाला आतून आटे पाडून द्या की. प्लग बसवायचाय." दुसरं तोंड एपॉक्सीने पक्कं बंद केलेलं.

पाइप हातात घेतला आणि वजन जुळेना. त्या साइझचा रिकामा पाइप किती भरतो हे इतक्या वर्षांनी हाताला कळतं. विचारलं, "आत काय आहे रे?" दोघं एकमेकांकडे बघू लागले. मग खानापूरचा म्हणाला, "रॉकेट आहे मामा. फटाक्यांची दारू काढून ठासलीय. व्हिडिओत बघून केलं."

पाइप हळूच टेबलावर ठेवला. मेन स्विच पाडला, कामगारांना बाहेर काढलं, शेजारच्या शेडमधलं वेल्डिंग थांबवायला लावलं आणि ११२ला फोन केला. पोरं घाबरून म्हणत होती, "आम्हीच घेऊन जातो, नाल्यात टाकतो." मी हात लावू दिला नाही. ठासलेली दारू धक्क्याने, घासण्याने, उष्णतेने कधी पेट घेईल याचा नेम नसतो. फटाक्यात नेमकं काय कालवलं आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. लेथच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, तो पाइप आवळला असता, टूल लावला असता, तर कापताना धातू तापतो हे काय मी सांगायला हवं? नुसता प्लग फिरवून घट्ट करतानाही आट्यांत अडकलेली दारू चिरडली जाते.

पोलिसांचं पथक आलं आणि पाइप घेऊन गेलं. पुढची चौकशी आणि दोघांच्या घरच्यांची धावपळ इथे लांबवत नाही. स्फोटक बनवायला परवाना लागतो आणि तो कायदा १८८४ पासूनचा आहे, हे त्या पोरांना त्या दिवशीच पहिल्यांदा कळलं.

नंतर त्यांना शेडवर बोलावून घेतलं. शहापूरचा थोडा ताठ होता. म्हणाला, "टिपू सुलतानची रॉकेटं लोखंडी नळीचीच होती की ओ." खरं आहे. १७८०च्या पोल्लिलूरच्या लढाईत त्या रॉकेटांनी इंग्रजांची दाणादाण उडवली. २०१८ साली आपल्याच कर्नाटकात, शिमोग्याकडच्या नगर गावातल्या जुन्या विहिरीत अशी हजाराहून जास्त रॉकेटं सापडली. पण ते हत्यार होतं. समोर शत्रूची फौज असायची, तुकडे झाले तरी ते तिकडच्या माणसांना लागावेत असाच हिशोब. तुम्ही रॉकेट उडवणार कॉलेजच्या मैदानात आणि समोर तुमचेच मित्र उभे राहणार.

मग त्यांना माझ्या धंद्यातली गोष्ट सांगितली. सिलिंडर आम्ही तेलाने टेस्ट करतो, हवेने करत नाही. तेल दाबून फारसं आकसत नाही, त्यामुळे सील गेलं तर दाब चटकन उतरतो. दाबलेल्या वायूत ताकद साठून राहते. नळी फाटली की तो पसरतो आणि तुकडे लांब फेकतो. रॉकेटच्या मोटरमध्ये, म्हणजे दारू जळते त्या नळीत, तर हा वायू आतच तयार होत असतो. ठासलेल्या दारूला बारीकशी चीर असली तरी जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब चढतो, आणि दाब चढला की दारू आणखी जोरात जळते. नोझलच्या, म्हणजे मोटरच्या खालच्या तोंडाच्या, भोकातून तेवढा वायू बाहेर पडू शकत नाही. अशा वेळी नळी कशाची आहे यावर सगळं ठरतं.

अमेरिकेत १९५४ साली ऑर्व्हिल कार्लाइल या चपला-बुटांच्या दुकानदाराने मॉडेल रॉकेट बनवलं, ते कागदाच्या नळीच्या मोटरवर. आजही छोट्या मोटरी तशाच असतात. जाड कागदाची नळी, खाली मातीचं नोझल, वर कारखान्यात यंत्राने दाबलेली काळी दारू. त्यावर सावकाश जळणारा थर, आणि शेवटी पॅराशूट बाहेर ढकलणारी चिमूटभर दारू. मोटर फुटलीच तर कागद फाटतो, पोलादाचे तुकडे उडत नाहीत. मोटर कधी ना कधी फुटणारच, असं धरूनच ती बनवलेली असते. मला यातली हीच समज सगळ्यात मोलाची वाटते. रॉकेटचं नाक, अंग, पंखसुद्धा कागद, हलकं लाकूड नाहीतर प्लॅस्टिकचे.

मोटरीवरचा आकडाही समजावला. 'सी ६-५' असेल तर 'सी' म्हणजे एकूण जोर जास्तीत जास्त १० न्यूटन-सेकंद. पुढच्या प्रत्येक अक्षराला हा जोर दुप्पट होतो. ६ म्हणजे सरासरी ६ न्यूटन रेटा, ५ म्हणजे जळणं संपल्यावर पॅराशूट उघडेपर्यंतचे सेकंद. पेटवायचं विजेच्या तारेने, 'डी'पर्यंतच्या मोटरीला निदान ५ मीटर लांबून. पेटली नाही तर विजेच्या स्विचची किल्ली काढून एक मिनिट कुणी जवळ जायचं नाही. आपल्याकडे उसाचं पाचट आणि कापलेल्या भाताची वाळली खोडं सगळीकडे, तिथे तर ठिणगी नकोच. आणि सांबऱ्याच्या विमानतळाच्या आसपास काहीही उडवायचा विचारही करायचा नाही.

मला चीड त्या व्हिडिओंची येते. उडालेलं रॉकेट दाखवतात, फुटलेल्या नळीने कापलेला हात दाखवत नाहीत.

पोरं हुशार होती. नोझलचं ड्रॉइंग मी पाहिलं, कोन बरोबर काढले होते. त्यांना म्हटलं, पाण्याचं रॉकेट करा. शीतपेयाची प्लॅस्टिकची बाटली, थोडं पाणी, सायकलचा पंप. न्यूटनचा नियम तोच. बाटली धरून ठेवणारी पितळी क्लँप मी टर्निंग करून दिली, पैसे घेतले नाहीत. सोडायची दोरी लांब ठेवली आणि पंपाला गेज बसवलं. हवा भरण्याआधी बाटली काठोकाठ पाण्याने भरून जास्त दाबाला तपासायची आणि ओरखडा पडलेली बाटली फेकून द्यायची, हे त्यांच्याकडून वहीत लिहून घेतलं.