तिचं सगळं खरं मानलं, तरी केस हरली

हल्ली कोणीही ठोकून देतं की बलात्कार झाला असं सांगितलं की बायकांना अमेरिकेत लगेच असायलम, म्हणजे निर्वासित म्हणून आश्रय मिळतो. इतकं सोपं असतं तर रोडी अल्वाराडोला चौदा वर्षं कशाला लागली असती?

ही ग्वाटेमालाची. सोळाव्या वर्षी लग्न, नवरा आधी लष्करात होता, मारहाण आणि बलात्कार कायमचेच. पोलिसांनी दाद दिली नाही, कोर्टात गेली तर न्यायाधीश म्हणाले नवरा-बायकोच्या भांडणात आम्ही पडत नाही (आपल्याकडे पण हेच ऐकवतात ना!). शेवटी १९९५ मध्ये दोन मुलांना मागे ठेवून ती अमेरिकेत पळाली. पुढच्याच वर्षी इमिग्रेशन जजने असायलम दिलं आणि १९९९ मध्ये इमिग्रेशनच्याच अपील बोर्डाने ते फिरवलं. ती खोटं बोलते म्हणून नाही हं, तिचं सगळं खरंय हे बोर्डाला मान्यच होतं!

मग अडलं कुठे, तर १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारात छळाची कारणं पाचच धरली आहेत, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आणि 'विशिष्ट सामाजिक गट'. बाई म्हणून छळ झाला हे त्यात कुठेच नाही, त्यामुळे वकील बिचारे तिला त्या पाचव्या कारणात बसवायला धडपडतात आणि बोर्ड म्हणतं, नवरा काही गट बघून मारत नव्हता. डोकंच फिरतं वाचून. तिला असायलम मिळालं ते थेट २००९ ला, तोवर मुलं आईशिवाय मोठी झाली. २०१८ मध्ये तेव्हाचे अमेरिकेचे अ‍ॅटर्नी जनरल जेफ सेशन्सनी घरगुती हिंसेच्या केसेसची वाट परत अवघड केली, २०२१ मध्ये तो निर्णय रद्द झाला, म्हणजे सरकार कुणाचं त्यावर सगळं. युरोपियन युनियनच्या कोर्टाने २०२४ च्या जानेवारीत सांगितलं की एखाद्या देशातल्या समस्त बायकासुद्धा असा गट असू शकतात. चला, तेवढं तरी.

आणि हे सगळं तोंड उघडता आलं तर! अमेरिकेत पोचल्यापासून साधारण वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, काही अपवाद सोडले तर. जी गोष्ट सख्ख्या बहिणीला सांगता आली नाही ती अनोळखी ऑफिसरला, दुभाष्यामार्फत, आणि दुभाष्या आपल्याच समाजातला पुरुष निघाला तर संपलंच, ती बाई काय बोलणार? अशा धक्क्यानंतर तारखा, क्रम सगळं मागेपुढे होतं, पण तिथे दोन जबाब जुळले नाहीत की संशय. नंतर धीर करून सांगितलं तर वर विचारणार, मग आधी का नाही बोललात?