न्यूट्रलला न थांबणारी डावी बाजू

धरणगावकडच्या एका जिनिंगमधलं स्किड स्टीअर लोडर. काम सरकीचे ढीग ओढायचं. तक्रार ऑपरेटरने एका वाक्यात सांगितली, "भाऊ, हाई गाडी जागावर उभी राहस नही." दोन्ही दांड्या सोडल्या तरी डावीकडची चाकं पुढे रांगायची आणि गाडी उजवीकडे वळत जायची. याच तक्रारीवर आधी कुणीतरी डावा पंप बदलून दिला होता. नवा पंप, जुनं लिंकेज (दांडीपासून पंपापर्यंतची सळई आणि सांधे), रांगणं तसंच.

या गाडीला स्टीअरिंग नसतं. दोन बाजूंना दोन पंप. दांडी ढकलली की सळई पंपाचा आर्म फिरवते, आतली स्वॉश प्लेट नावाची तबकडी कलते आणि तेल त्या बाजूच्या मोटरला जातं. मोटर चेनवर पुढचं-मागचं दोन्ही चाकं फिरवते. दांडी सोडल्यावर प्लेट मध्यावर, म्हणजे न्यूट्रलला, आणायची जबाबदारी पंपाच्या आर्मवरच्या स्प्रिंग, रोलर आणि व्ही आकाराची खाच असलेल्या पट्टीची. प्लेट किंचित कललेली राहिली तरी चाक फिरतं.

गाडी लाकडी स्लीपरवर चढवली, चारही चाकं अधांतरी, लोडरचे हात लॉक. हाताने दांडी हलवली तर टोकाला 24 मिमी मोकळा प्ले. दांडीचं गुणोत्तर 1:6, म्हणजे सळईपाशी 4 मिमी. पंपाचा आर्म 60 मिमीचा, तेव्हा जवळजवळ 4 अंश फुकट. प्लेट एका बाजूला पंधरा-अठरा अंशच कलते, हे लक्षात घेतलं की ऑपरेटर दिवसभर कशाशी झगडत होता ते कळतं.

हा प्ले चार सांध्यांतून जमा झालेला. सगळ्यात वाईट दांडीच्या खालचा. तिथे पिनच्या जागी पूर्ण थ्रेडचा 12 मिमी बोल्ट ठोकलेला. थ्रेड म्हणजे कानसच. त्याने भोक लांबट करून टाकलं होतं आणि स्वतः 11.3 वर आला होता. पाच मिनिटं वाचवायला बोल्ट घालणाऱ्यांचा मला राग येतो. भोक 16 ला बोअर केलं, गनमेटलचा बुश 0.03 मिमी टाइट दाबला. दाबल्यावर बुश आतून आवळतो, म्हणून 12 चा रीमर शेवटी. पिन ईएन-8 पोलादाची, प्ले 0.05. सळईच्या दोन टोकांचे सांधे, म्हणजे रॉड एंड, दोन्ही नवे. यातला एक डाव्या थ्रेडचाच हवा, तर सळई जागेवर फिरवून लांबी बदलता येते. दोन्ही उजव्या थ्रेडचे घातले की दर वेळी एक टोक सोडून अर्धा फेरा द्यावा लागतो, 1.5 पिचला ती उडी 0.75 मिमीची, आणि एवढ्यात न्यूट्रल हुकतं.

दांडी घट्ट झाली. चाक मात्र रांगतच होतं.

खरं तर ही तपासणी पहिली करायला हवी होती: सळई पंपाच्या आर्मपासून सोडायची आणि इंजिन चालू करायचं. चाक थांबलं तर दोष लिंकेजमध्ये, फिरत राहिलं तर पंपाकडे. फिरत राहिलं. रुई आणि ग्रीसचा काळा लगदा खरवडला तेव्हा पट्टी दिसली. खाचेची एकच बाजू जवळजवळ 1 मिमी खाल्लेली. पंप बदलताना हीच पट्टी नव्या पंपावर चढवली होती! खाच हार्डफेसिंग रॉडने (कठीण थर चढवणारा वेल्डिंग रॉड) भरली, उजव्या पट्टीवरून पत्र्याचा साचा काढून तो उलटा धरला आणि घासून आणली. रोलर नवा.

न्यूट्रल थंड तेलावर लावू नये. तेल 50 अंशांपर्यंत तापू द्यावं. सीट बारचा (ऑपरेटरपुढे खाली येणारा सुरक्षेचा दांडा) स्विच वायर जोडून डायरेक्ट केलेला होता, तोही पूर्ववत केला. असली वायर प्रत्येक दुसऱ्या गाडीत सापडते. मग न्यूट्रलची जागा सरकवणारा एक्सेंट्रिक बोल्ट फिरवत चाक पुढे रांगू लागलं तिथे खडूची खूण, मागे रांगू लागलं तिथे दुसरी, दोन्हींच्या मधोमध लॉकनट. शेवटी टायरवर खडू ओढून 30 सेकंदांतले फेरे मोजले: डावं 34, उजवं 31. डाव्या दांडीची धाव रोखणारा स्टॉप बोल्ट थोडा आत घेतल्यावर दोन्ही बाजू 31 वर आल्या.

एक गोष्ट मात्र सुटत नाही. डावी दांडी मागे ओढून धरायला ऑपरेटरने सायकलच्या ट्यूबची पट्टी सीटला बांधली होती. खाच झिजली ती नेमकी ट्यूबच्या ताणाने रोलर रेटला जाईल त्याच बाजूला. म्हणजे ट्यूबनेच खाच खाल्ली म्हणावं, तर जुना रोलर वेगळं सांगतो: तो एकाच जागी चपटा आहे. आत रुई दाटून तो फिरायचा आधीच थांबला असणार. ट्यूब कधी बांधली ते ऑपरेटरला आठवत नाही, पंप बदलण्याआधी की नंतर तेही नाही. रोलर बाकावर ठेवलाय.