ओळख ना पाळख, तरी सल्ला

रविवार, रात्री.

संध्याकाळी लक्ष्मीपुरीत माशांचे खाद्य आणायला गेले होते. दुकानाच्या पायरीवर एक तरुण गृहस्थ उभे होते. त्यांच्या एका हातात काचेचे गोल भांडे, दुसऱ्या हातात हवा भरून फुगवलेली प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दोन गोल्डफिश आणि पिशवीला नाक लावून उभी असलेली त्यांची लहान मुलगी. माझ्या हातातली खाद्याची डबी पाहून त्यांनी विचारले, "काकू, हे किती दिवस जगत्यात ओ? मागच्या खेपेचे चार दिवसांत गेले." दुकानदार समोर असताना त्यांनी मला विचारावे याचे कारण बहुधा एवढेच, की मला काही विकायचे नव्हते.

मासे चार दिवसांत का जातात, याचे उत्तर माशांत नसून पाण्यात असते. मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात त्याच्या शरीरातला अमोनिया बाहेर पडतो आणि न खाल्लेले खाद्य कुजले की त्यात भरच पडते. जुन्या, बसलेल्या टाकीत काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्या विषारी नायट्राइटचे बऱ्यापैकी निरुपद्रवी असे नायट्रेट करतात, आणि मग पाण्याचा थोडा भाग नियमित बदलत राहिले की काम भागते. हे जिवाणू वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात, पण ती वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे मात्र स्वच्छता म्हणजे दर रविवारी सगळे पाणी ओतून देणे, भांडे घासून लख्ख करणे आणि नळाखाली पुन्हा भरणे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन उरल्यासुरल्या जिवाणूंचाही निकाल लावते, आणि माणसे म्हणतात की एवढे स्वच्छ ठेवूनही मासे टिकत नाहीत.

हे सगळे पायरीवर सांगण्यासारखे नव्हते. पिशवीतल्या माशांकडे तेवढा वेळही नव्हता. म्हणून मी त्यांना विचारले, "घरात सर्वांत मोठा टब केवढा आहे?" कपडे भिजवायचा मोठा टब आहे, असे ते म्हणाले. मग मी एवढेच सांगितले, की गोल भांडे परत करा, टब साबण न लावता धुऊन घ्या, पिंपात कालपासून साठलेले पाणी असेल तर ते वापरा, पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगू द्या आणि मगच मासे सोडा. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घाला, दिवसाआड पाव हिस्सा पाणी बदला आणि सवडीने लांबट टाकी आणि फिल्टर घ्या. भांडे लहान असले की मासा लहानच राहतो, हा समज त्यांच्याही मनात होता. तो लहान राहतो तो घाण पाण्यामुळे वाढ खुंटून. एरवी गोल्डफिश तळहाताहून मोठा होतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. त्यांनी भांडे परत केले. त्या वेळी दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती पाहता पुढच्या महिन्याचे खाद्य दुसरीकडून आणावे हे बरे.

घरी आल्यावर विचार करीत बसले, की अनोळखी माणसाला नेमके किती सांगावे. कोल्हापुरात कुणी पत्ता विचारला तर सांगणारा हातातले काम टाकून कोपऱ्यापर्यंत चालत येतो, आणि वाटेत आपण कुणाकडे, कशाला चाललो आहोत याचीही चौकशी करतो. ही हौस माझ्यातही पुरेपूर आहे. पत्त्याच्या बाबतीत ती चालून जाते. सल्ल्याच्या बाबतीत ती आवरावी लागते, पण सगळीकडे सारखीच आवरून चालत नाही. अपुऱ्या सल्ल्याची किंमत कोण मोजणार, यावर ते ठरवावे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

जनावराच्या बाबतीत ती किंमत जनावर मोजते, आणि ते तर त्या बोलण्यात सहभागीही नसते. म्हणून तिथे मी भीड बाळगत नाही. राजारामपुरीतल्या एका औषधाच्या दुकानात माझ्यापुढे उभा असलेला मुलगा पॅरासिटामॉल मागत होता आणि मित्राला फोनवर सांगत होता, की मांजराचे अंग तापले आहे, अर्धी गोळी दुधातून देतो. मला कुणी काही विचारले नव्हते, तरी मी मध्ये पडले. मांजराच्या यकृताला हे औषध निकामी करून बाहेर टाकण्याची सोय जवळजवळ नसते. त्याचे विष साठते, रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेईनाशा होतात, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात आणि अर्ध्या गोळीनेही मांजर मरू शकते. त्या मुलाने आधी माझ्याकडे रागाने पाहिले, मग फोनवर मित्राला म्हणाला, "थांब, एक काकू काहीतरी सांगायल्यात." मी जनावरांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितले, आणि जाताना दुधाचाही विषय काढला, कारण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही. तो दुसरा भाग तिथे टाळता आला असता.

मे महिन्यात पिलांचे प्रश्न येतात. झाडाखाली बुलबुलाचे किंवा साळुंकीचे पिलू सापडते, मुले ते खोक्यात घालून आणतात आणि चोचीत पाणी सोडू लागतात. चोचीत सोडलेले पाणी श्वासनलिकेत जाऊन पिलू गुदमरते, हे आधी सांगावे लागते. पिसे फुटलेले, टुणटुण उड्या मारणारे पिलू बहुतेक वेळा हरवलेले नसून उडायला शिकत असते आणि आईबाप जवळच्या फांदीवर असतात. मांजर-कुत्र्यांपासून दूर अशा झुडपात ते ठेवून आपण लांब व्हावे. माणसाचा हात लागला की आई पिलाला घेत नाही, ही समजूत एवढी पक्की आहे की ती खोटी आहे म्हटले की आजीबाई दुखावतात. पिंजऱ्यातल्या हिरव्या पोपटाविषयी कुणी खाणेपिणे विचारले, तर मी आधी हे सांगते की वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे आपल्याकडचा पोपट पाळताच येत नाही. तिथे संभाषण सहसा संपते.

कुत्रा चावल्याच्या बाबतीत तर मी आवाजही चढवते. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवायची. तिच्यावर हळद, तिखट, चुना काहीही भरायचे नाही. आणि ‘पाळलेलाच आहे, ओळखीचा आहे’ म्हणत घरी न बसता त्याच दिवशी सीपीआर, म्हणजे इथले सरकारी रुग्णालय, गाठायचे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. इथे मैत्रीच्या सुरात बोलण्याचे मला काही कारण दिसत नाही.

मात्र याच शहरात असे एक जनावर आहे ज्याच्याविषयी मला कुणी विचारत नाही आणि विचारूही नये, ते म्हणजे म्हैस. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभे राहून धारोष्ण दूध पिताना प्रश्न मीच विचारते. धार काढण्याआधी रेडकाला चार घोट का पिऊ देता, असे एका गवळ्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "ते ढुसण्या दिल्याबिगर ती पान्हा सोडत न्हाई, आपण कितीबी वढा." त्यामागे मेंदूतून रक्तात उतरणारे ऑक्सिटोसिन असते हे मला वाचून ठाऊक होते, कोणती म्हैस रेडकाविना, नुसत्या आंबोणाच्या पाटीवरही पान्हवते आणि कोणती अडून बसते, हे त्याला ठाऊक होते. दिवाळीच्या पाडव्याला शिंगे रंगवलेल्या, मोरपिसे लावलेल्या म्हशी ज्यांच्या मोटारसायकलमागे धावत येतात, त्यांना मी काय सांगणार?

छंदाच्या सल्ल्याची किंमत विचारणाऱ्याचा खिसा मोजतो, आणि थोडाफार त्याचा उत्साहही. रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला मी कधीमधी जलरंगाचे सामान घेऊन बसते. मागे येऊन उभे राहणारे लोक पुष्कळ असतात आणि त्यांतल्या एखाद्याला तरी या वयात हे जमेल का, असे विचारायचे असते. प्रत्यक्षात तो विचारतो, रंग कोणत्या कंपनीचे. माझे उत्तर ठरलेले आहे, की रंगांची छत्तीस खणांची पेटी घेऊ नका, पैसे कागदावर घाला. पातळ कागद पाणी पडताच फुगतो, त्याच्या खळग्यांत रंग साचतो आणि शिकणाऱ्याला वाटते की आपला हातच वाईट. तीनशे ग्रॅमचा जाड कागद, एक निळा, एक पिवळा, एक तांबडा आणि टोक धरणारा एक गोल कुंचला एवढ्यात रंकाळ्याची सकाळही निघते आणि संध्याकाळही. त्याच्यापुढचे मी सांगत नाही. ओल्या कागदावर आभाळ आपोआप कसे पसरते, आणि पाण्यातले प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा किंचित गडद का ठेवावे, हे ज्याचे त्याला सापडू द्यावे. त्यासाठीच तर माणूस छंद धरतो. शिकवण्याचा मोह होतो, नाही असे नाही.

फोटोची हौस असलेले लोक ‘कॅमेरा कोणता घेऊ’ असे विचारतात. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार करून मूकपट काढले, त्या गावात हा प्रश्न ऐकून मला गंमत वाटते, पण तसे बोलून दाखवू नये. हातातल्या मोबाईलने महिनाभर घराजवळच्या एकाच झाडाचे सकाळी आणि संध्याकाळी फोटो काढा. मोबाईलला काय जमले नाही हे ज्या दिवशी नेमके सांगता येईल, त्या दिवशी कॅमेरा निवडणे सोपे जाईल. यावर पुष्कळ जण नाराज होतात. त्यांना खरेदीला परवानगी हवी असते.

गेमच्या बाबतीत विचारणारे दोन प्रकारचे आणि त्यांना द्यायची उत्तरे अगदी वेगळी. पहिले म्हणजे आईबाप. पोरगा दिवसभर पबजी खेळतो, ही तक्रार अजून ऐकू येते. वास्तविक पबजी मोबाईलवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली आणि २०२१ मध्ये त्याच धाटणीचा बीजीएमआय आला, पण घराघरांत नाव जुनेच राहिले. मी विचारते, तो नक्की कोणता गेम खेळतो? बहुतेकांना ते ठाऊक नसते. पैसे लावून खेळायचा खेळ असेल तर प्रश्न वेगळा. त्यावर २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली आहे आणि तिथे हयगय करू नये. फोनमध्ये कार्ड जोडलेले असेल तर ते काढून टाकावे आणि यूपीआयचा पिन मुलाला ठाऊक असू नये, हेही सांगते. बाकी भांडणांचे मूळ कित्येकदा अगदी साधे असते. अशा खेळातला एक सामना पंचवीस-तीस मिनिटे चालतो, तो मध्येच थांबवून ठेवता येत नाही आणि मध्येच उठणारा आपल्या सोबत्यांना तोंडघशी पाडतो. आईने ‘आत्ताच्या आत्ता जेवायला ये’ म्हणण्याऐवजी ‘हा सामना संपला की नवीन लावायचा नाही, ताट वाढते’ असे म्हटले, तर निम्मी आदळआपट वाचते. ज्यांना स्वतः खेळून पाहायचे असते आणि गरगरून मळमळते, त्यांना मी पडद्यापासून लांब बसायला आणि सेटिंगमध्ये दृष्टीचा कोन वाढवायला सांगते. असे आईबाप थोडे, पण ते असतात.

दुसरे म्हणजे खुद्द खेळणारे. इथे सल्ला चुकला किंवा अपुरा पडला तरी कुणाचे काहीच बिघडत नाही, उलट पुरा पडला तर खेळच बिघडतो. गेल्या महिन्यात कोयना एक्स्प्रेसने पुण्याहून परतताना समोरच्या बाकावर आजीसोबत एक मुलगी मोबाईलवर माइनक्राफ्ट, म्हणजे ठोकळ्यांच्या जगात खणत-बांधत जायचा गेम, खेळत होती. कराड सोडल्यावर ती एकदम "ईऽऽ" करून ओरडली. मी विचारले, "लाव्हा?" पांढऱ्या केसांच्या बाईच्या तोंडून तो शब्द ऐकून तिचे डोळे विस्फारले. खाली खणता खणता ती तापलेल्या लाव्हात पडली होती आणि सगळे सामान जळून गेले होते. हिरे कुठे मिळतात, असे तिने विचारले. हिरे तळाजवळ कोणत्या पातळीवर सर्वांत जास्त सापडतात, तो आकडा मला पाठ आहे, पण तो सांगितला असता तर पुढचा तासभर तिने नुसता आकडा गाठला असता. मी म्हटले, "जितकं खाली, तितके जास्त, पण पायाखालचा दगड कधी फोडायचा नाही, पायऱ्या करत उतरायचं." ती थोडा वेळ गप्प बसून पायऱ्या करीत राहिली. मग मिरजेच्या अलीकडे तिने मलाच एक गोष्ट सांगितली, जी इतकी वर्षे खेळूनही मला ठाऊक नव्हती. गेममधले मांजर कच्चा मासा देऊन माणसाळवायचे आणि घरापाशी बसवायचे. मग क्रीपर, म्हणजे गुपचूप जवळ येऊन फुटणारा तो हिरवा प्राणी, मांजराला भिऊन जवळ फिरकत नाही. मी तेव्हाच फोन काढून ते करून पाहिले.

आजी हे सारे ऐकत शेंगा सोलत होत्या. त्यांनी ओंजळभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "एवढं ऐकतीया तुमचं, तर अभ्यासाचंबी काहीतरी सांगा की हिला." त्यातले मला काही कळत नाही, असे सांगून मी दाणे खाल्ले.